जावईबापूंना कुणी कामावरून काढेना

आमच्या रस्त्यावर गाड्या येतात त्या मुकाट्यानं आणि जातात त्या घसा साफ करत. ही करामत माझ्या शेजारच्या गाळ्याची. मी गाड्यांची सीट-कव्हरं शिवते. माझं मशीनही काही कुजबुजत नाही, पण शेजारी एखादी गाडी रेज केली, म्हणजे जागच्या जागी अ‍ॅक्सिलरेटर दाबून गुरगुरवली, की माझी दोऱ्याची रिळं फळीवरून खाली उड्या मारतात. त्या दुकानात इंजिनाला हवा पुरवणारी कंपनीची काळी पेटी काढतात आणि तिच्या जागी चकचकीत नळी आणि पुढं शंकूसारखा लाल फिल्टर बसवतात. त्याला सगळे इनटेक म्हणतात. गिऱ्हाईक म्हणतं, गाडी पळायला लागली. मी म्हणते, ओरडायला लागली. पण सुई-दोऱ्याच्या बाईला इंजिनाबद्दल कोण विचारतो?

दुकान दादांचं. अंगानं आडवे, मनानं मोकळे, आवाजानं तर इनटेक न बसवताच इनटेक बसवल्यासारखे. आणि इनटेक बसवणारे जावईबापू, म्हणजे दादांच्या धाकट्या बहिणीचे यजमान. त्यांना आईबापांनी ठेवलेलं नाव असणारच. पण दादांनी पहिल्या दिवसापासून 'जावईबापू' अशी हाक मारली, मग कारागिरांनी मारली, गिऱ्हाइकांनी मारली, चहावाल्यानं मारली. आता तर त्यांच्या बायकोनं हाक मारली तरच त्यांना जरा वेगळं काही ऐकायला मिळतं, आणि ते म्हणजे "अहो".

पूर्वी त्यांचं स्वतःचं गॅरेज होतं. रस्ता रुंद झाला तेव्हा ते गेलं. दादा टेंपो घेऊन स्वतः गेले, बहिणीचा संसार भरून आणला आणि दुकानावरच्या खोलीत लावून दिला. पंखा स्वतःच्या हातानं टांगला. त्याला आता बरीच वर्षं झाली, पण दादांनी त्या उपकाराचा एका शब्दानं उच्चार केलेला मी ऐकला नाही. जावईबापू मला एकदा म्हणाले, "ताई, एकदा बोलून दाखवलं असतं ना, तर मला भांडता आलं असतं."

ती खोली मी पाहिलेली आहे. खाली इंजिन रेज झालं की वर मांडणीतल्या कपबश्या किणकिणतात. खिडकी उघडली तर धूर येतो, लावली तर जीव घुसमटतो. जिना दुकानाच्या आतूनच. म्हणजे घरी जायचं तर दुकानातून, घराबाहेर पडायचं तर दुकानातून. अंगात ताप असला तरी त्या माणसाला कामावर हजर राहावंच लागतं. जिना उतरला की हजर.

त्यांचं खरं काम नळी बसवणं हे नव्हतंच. नळी काय, कुणीही बसवेल. त्यांचं काम होतं गिऱ्हाइकाला चक्कर मारून आणण्याचं. नळी बसवण्याआधी एक चक्कर आणि बसवल्यावर एक. दादांची पद्धत अशी की पहिल्या चक्करला एसी चालू ठेवायचा आणि दुसऱ्या चक्करला बंद करायचा. एसी बंद केला की कुठलीही गाडी जरा हलकी होते, हे माझ्यासारखीलाही कळतं. दुसऱ्या चक्करहून परत आलं की जावईबापूंनी स्टिअरिंगवर हात ठेवून दोनच शब्द बोलायचे: "फरक आहे." बस्स. त्यांचा चेहरा साधा, आवाज खालचा, त्यामुळं ते शब्द गिऱ्हाइकाच्या मनात थेट जाऊन बसायचे. दादा दहा वाक्यं बोलले तरी जे होत नसे, ते त्या दोन शब्दांनी व्हायचं.

आणि दादा फसवत होते असंही म्हणता येत नाही, हीच तर गंमत. त्यांचा त्या नळीवर मनापासून विश्वास. स्वतःच्या गाडीला त्यांनी सगळ्यात मोठी बसवलेली. एसीचं विचारलं तर म्हणायचे, "अहो, नवी वस्तू नीट दाखवायला नको का? मुलगी दाखवताना घर आवरतोच ना आपण?"

काढलेल्या काळ्या पेट्या दुकानाच्या मागच्या अंगाला रचलेल्या असत. गिऱ्हाइकाला सांगायचं, तुमची पेटी सांभाळून ठेवतो, वाटलं तर कधीही परत लावून देऊ. छताला टेकेल एवढा ढीग झाला होता. पेटी मागायला आलेला माणूस मी तरी पाहिला नाही.

तर अशा या माणसाला एक दिवस बाहेरचं दार दिसलं. गावाच्या कडेला पाणीपुरवठ्याचं पंपघर आहे. तिथल्या साहेबांचा एक पंप जावईबापूंनी गॅरेजच्या दिवसांत दुरुस्त केला होता, ते साहेबांच्या लक्षात होतं. तिथला जुना पंपचालक निवृत्त व्हायचा होता. साहेब वाट वाकडी करून आले आणि म्हणाले, महिनाअखेरपर्यंत जागा तुमच्यासाठी धरून ठेवतो. दोन खोल्यांचं क्वार्टर होतं, दारात झाड होतं.

जावईबापू त्या दुपारी माझ्या गाळ्यात येऊन रेक्झिनच्या गठ्ठ्यावर बसले. कधी न बोलणारा माणूस, पण बांध फुटल्यासारखा बोलत सुटला.

"ताई, तिथं कुणाला काही पटवायचं नसतं. पाणी टाकीत चढलं तर चढलं, नाही चढलं तर नाही. त्यात 'मला वाटतं' नसतं."

"मग जा की. इथं कोणी साखळदंडानं बांधलंय?"

"हिला विचारलं."

"काय म्हणाली?"

त्यांनी रेक्झिनवरून बोट फिरवलं. "ती म्हणाली, दादानं काढलं तर मी उद्या निघते, तुमच्या मागून तुम्ही न्याल तिथं. पण तुम्ही सोडून गेलात तर मी कुठल्या तोंडानं माहेर म्हणू? मला एकच भाऊ आहे."

मला तिचा राग यायला हवा होता, पण आला नाही. ज्या बाईचा संसार भावानं टेंपोत भरून आणला, तिनं आणखी काय म्हणावं? म्हणजे इकडे आड आणि तिकडे विहीर, आणि मधल्या जागेत जावईबापू. निघायचं तर एकच वाट होती. दादांनीच त्यांना काढायला हवं होतं.

मी म्हटलं, "मग असं काहीतरी करा की दादाच तुम्हाला हाकलतील." मी थट्टेनं म्हटलं होतं. त्यांनी ते सल्ला म्हणून घेतलं.

पहिल्यांदा ते कामाला उशिरा उतरू लागले. दादांनी जिन्यावर चहा पाठवला आणि बहिणीला सांगितलं, यांची झोप होत नाही वाटतं, दुपारचं काम मी बघतो. मग त्यांनी गिऱ्हाइकांशी तुटक बोलून पाहिलं. पण मुळात स्वभाव असा की तुटक बोलून झाल्यावर ते माफी मागायचे, आणि गिऱ्हाईक आणखी खूश व्हायचं. चोरी करणं त्यांच्या रक्तात नव्हतं. शेवटी माझ्याकडे येऊन म्हणाले, "ताई, एकच गोष्ट राहिली. खरं सांगतो. खरं सांगितलं की दुकानाच्या पायावरच घाव बसेल. मग दादा ठेवणार नाहीत."

दुसऱ्याच दिवशी एक तरुण आला, नवी कोरी गाडी घेऊन. गाडी माझ्या दारासमोर लावली होती, त्यामुळं मला सगळं ऐकू आलं. जावईबापूंनी एसीला हातच लावला नाही. दोन्ही चकरा सारख्या मारल्या. परत आल्यावर म्हणाले, "फरक नाही."

तरुण म्हणाला, "म्हणजे?"

"म्हणजे ताकद वाढत नाही. तुमच्या इंजिनाला लागते तेवढी हवा कंपनीच्या पेटीतून मिळतेच. उलट ती पेटी बाहेरची गार हवा घेते. हा फिल्टर बॉनेटखाली इंजिनाच्या शेजारी बसतो, त्याला गरम हवा मिळते. गरम हवा विरळ असते. वाढतो तो आवाज. आवाज वाढला की अ‍ॅक्सिलरेटरवरचा आपला पाय आपोआप जड होतो, आणि आपल्याला वाटतं गाडी पळाली."

मी मशीन थांबवलं. आतून दादा बाहेर आलेले. आता उडतो भडका, असं मला वाटलं. जावईबापू मान खाली घालून उभे होते आणि खरं सांगते, त्यांच्या चेहऱ्यावर आशा होती.

तरुणानं दादांकडे पाहिलं, मग जावईबापूंकडे. "काका," तो म्हणाला, "पाच दुकानं फिरलो. खरं बोलणारे तुम्ही पहिले. आवाज कसा येतो ते ऐकवा बरं परत." त्यानं रेज केलं, माझं रीळ पडलं, आणि त्यानं नळी ठेवून घेतली. वर आठवडाभरात दोन मित्र घेऊन आला.

दादा त्या संध्याकाळी माझ्याकडे येऊन हसत सुटले. "बघितलंत ताई? आमचे जावईबापू! मी इतकी वर्षं घसा कोरडा करतोय आणि यांनी काय युक्ती काढली! नाही म्हणायचं आणि विकायचं!"

बोलणाऱ्याची मातीही खपते म्हणतात. इथं तर माती आहे असं सांगून माती खपायला लागली. जावईबापू जितकं खरं बोलत, तितकी गर्दी वाढे. लोक आपल्या वडलांना घेऊन येत, हे काका बघा, हे खोटं बोलत नाहीत म्हणून. जावईबापू त्यांना परोपरीनं समजावत. आणि ती माणसं अगदी मन लावून ऐकत, मान डोलावत, आणि नळी बसवून घेत. मला एकेकाच्या पाठीत कात्री घालावीशी वाटायची.

निम्मा महिना सरला होता. तेवढ्यात दादांच्या डोक्यात नवीन भूत शिरलं. गाडीची चाकं रोलरवर ठेवून इंजिनाची ताकद मोजायचं यंत्र त्यांनी एका दिवसासाठी भाड्यानं आणायचं ठरवलं. सगळ्या रस्त्यासमोर मोजायचं, आधी आणि नंतर, आणि लोकांची तोंडं कायमची बंद करायची. स्वतःच्या मालावर एवढा विश्वास असलेला व्यापारी मी दुसरा पाहिला नाही. इतर कुठल्या दुकानदारानं असला हात दाखवून अवलक्षण करायचा धंदा केला नसता.

जावईबापू माझ्याकडे आले तेव्हा त्यांचे डोळे चमकत होते. "ताई, यंत्राला काही वाटत नसतं," ते म्हणाले. "आकडा येईल. सगळ्यांसमोर येईल. दादांचीच गाडी मोजायचीय. आता तरी काढतील."

सकाळी यंत्र आलं. रस्ता माणसांनी भरला. मी गाळ्याच्या पायरीवर स्टूल टाकून बसले. जावईबापूंची बायको वरच्या खिडकीत उभी. दादांच्या गाडीला आधी कंपनीची पेटी लावली, गाडी मोजली. मग मोठी नळी लावली. दादा म्हणाले, "बॉनेट उघडं ठेवा, हवा लागू दे." जावईबापूंनी बॉनेट धाडकन लावलं. "रस्त्यावर कुणी बॉनेट उघडं टाकून गाडी चालवतं का, दादा?" एवढं उलट बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

आवाज असा झाला की लहान पोरं कानांवर हात ठेवून नाचायला लागली. यंत्रवाल्यानं पडद्याकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि खालच्या आवाजात आकडा वाचला. पहिल्यापेक्षा कमी. फार नाही, पण कमी.

 दादांचा चेहरा उतरला. मला तर त्या आडव्या माणसाची दया आली. स्वतःच्याच दारात, स्वतःच्याच खर्चानं तोंडावर पडलेला. जावईबापू पुढं झाले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मी रोज हेच सांगतो. ताकद वाढत नाही. गरम हवेनं घटते."

दादा त्यांच्याकडे बघत राहिले.  मग हळूच विचारलं, "गरम हवेनं?"

"हो."

"मग गार हवा दिली तर?"

जावईबापू अडखळले. खोटं बोलायची सवय मोडली होती ना. "फिल्टरभोवती पत्र्याची आडभिंत केली आणि पुढून गार हवा आणली," ते म्हणाले, "तर घटणार नाही. जेवढी होती तेवढी राहील."

"ऐकलंत?" दादा गर्दीकडे वळले, आणि त्यांचा आवाज परत आला होता. "दुसऱ्या दुकानांच्या नळीनं ताकद घटते. आमचे जावईबापू ती घटू देणार नाहीत. उद्यापासून पत्र्याच्या पेटीसकट!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कंपनीची पेटी काढून फेकायची, आणि मग जागा तीच, काम तेच, अशी दुसरी पेटी पत्र्याची करून बसवायची. आणि टाळ्या. मी स्टूल उचलून आत गेले.

यंत्र गेल्यावर, रस्ता रिकामा झाल्यावर, जावईबापू दादांसमोर जाऊन उभे राहिले. मी दोरा भरत होते, मला ऐकू येत होतं आणि दिसतही होतं. ते म्हणाले, "दादा, मला काढून टाका."

दादा उठले आणि त्यांनी जावईबापूंना मिठीच मारली. "अहो, एवढं मनाला लावून घेतात का? आकडा कमी आला तो माझ्यामुळं. मी तुमचं ऐकलं नाही. तुम्हाला काढून मी दुकानाला कुलूप लावू?" दादांनी त्यांची पाठ थोपटली. "तुम्ही माझ्या बहिणीचे यजमान म्हणून इथं नाही. तुम्ही नसता तर मला कुणी खरं सांगितलं असतं?"

 शिवी देणाऱ्याला उत्तर देता येतं. गळ्यात पडलेल्या माणसाला ढकलायचं कसं, हे जावईबापूंना कुणी शिकवलं नव्हतं. त्यांचे हात दोन्ही बाजूंना लोंबत होते, ग्रीसनं भरलेले, दादांच्या शर्टाला लागू नयेत म्हणून लांब धरलेले.

पुढच्या आठवड्यात नवा बोर्ड चढला. त्यावर जावईबापूंचा चेहरा, दुकानाच्या नावाएवढा मोठा, आणि खाली लाल अक्षरांत: 'जावईबापू खरं सांगतात'. दादांनी त्यांना दुकानात भागीदार केलं. बायको खाली रस्त्यावर येऊन, पदर सावरत, कितीतरी वेळ बोर्डाकडे पाहत उभी होती. मला म्हणाली, "ताई, दादानं यांना बरोबरीला बसवलं हो. आता हे आश्रित नाहीत." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. इतक्या वर्षांत तिलाही ते सलत होतं, हे मला त्या दिवशी कळलं. नवरा समोर उभा होता, त्यानं तिच्याकडे बघून मान हलवली. तिला एवढा आनंद झालेला असताना तो आणखी काय करणार?

पंपघराचे साहेब महिनाअखेरीला आले. साधी, जुनी, नीट राखलेली गाडी. उतरले, बोर्ड वाचला, आणि हसले. "म्हणजे तुमचं इथं चांगलंच बस्तान बसलं तर."

जावईबापू हात पुसत बाहेर आले. मी मशीनवरचा पाय काढून घेतला. मनात म्हटलं, बोला हो. आत्ता बोला. वर खिडकीत बायको कपडे वाळत घालत होती. दादा बाहेर आले आणि त्यांनी जावईबापूंच्या खांद्यावर हात टाकला. "आमचे भागीदार," ते साहेबांना म्हणाले.

"बोर्ड पाहूनच ओळखलं. मी यांना आमच्याकडे न्यायला आलो होतो. पण आता कसले येतात!" साहेब मनापासून बोलत होते, त्यांना वाईट वाटत होतं आणि आनंदही. "जागा दुसऱ्याला देऊन टाकतो. खोळंबायला नको."

"साहेब—" जावईबापू म्हणाले.

"नाही नाही, तुम्ही अवघडू नका. मालक झालेल्या माणसाला कोण नोकरीला बोलावेल?" मग साहेबांनी आपल्या गाडीच्या बॉनेटवर थाप मारली. "आलोच आहे तर हिलाही बसवून द्या. पोरगा मागं लागलाय. दुसऱ्या कुणावर माझा विश्वास नाही."

जावईबापू त्यांच्याजवळ गेले. अगदी जवळ. आवाज इतका खाली आला होता की मला अर्धं ओठांवरून कळलं. "साहेब, नका बसवू. काही फरक पडत नाही. खरंच सांगतो."

साहेबांनी बोर्डाकडे बोट केलं आणि मोठ्यानं हसले. दादा हसले. वरून बायकोही हसली.

नळी जावईबापूंनी स्वतः बसवली. एकेक क्लिप दोनदा तपासली, पत्र्याची आडभिंत घासून गुळगुळीत केली. असं काम त्यांनी आजवर कुणाच्या गाडीचं केलं नसेल. गाडी निघाली तेव्हा माझी दोन रिळं पडली. ती कोपऱ्यावर वळेपर्यंत आवाज येत होता, वळल्यावरही येत होता, आणि जावईबापू फडकं हातात धरून तो ऐकत उभे होते.

मला राहवलं नाही. मी बाहेर येऊन विचारलं, "का नाही बोललात हो?"

"बोललो ना ताई," ते म्हणाले. "तुमच्यासमोरच बोललो."

मग ते आत गेले. साहेबांच्या गाडीची काळी पेटी बाकावर होती. त्यांनी ती पुसली, आतला फिल्टर झटकून परत बसवला, झाकणाच्या चारही क्लिपा लावल्या. मागच्या ढिगावर टाकली नाही. जिन्यानं वर घेऊन गेले आणि खिडकीत, रस्त्यावरून दिसेल अशी ठेवली.

"ही इथं कशाला?" बायकोनं विचारल्याचं मला खाली ऐकू आलं.

"साहेब न्यायला येतील," ते म्हणाले.